गार इंजिन, गरम इंजिन: डिझेल पंपाच्या टायमिंगचं कुठलं रीडिंग धरायचं?

पंचगंगाकाठ | १२ जानेवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. तीन आठवडे एका आकड्यानं झोप उडवलीय, म्हणून हा धागा काढतोय.

गाडी जुनी, २.४ लिटरचं डिझेल इंजिन, रोटरी पंप, इलेक्ट्रॉनिक काहीही नाही. वडिलांनी घेतलेली, त्यामुळं विकायचा प्रश्न येत नाही. नोव्हेंबरात टायमिंग बेल्ट बदलला, तेव्हा एका गॅरेजमध्ये पंपाचं टायमिंगही, म्हणजे पंप सिलिंडरमध्ये डिझेल नेमकं कधी फवारतो ते, बसवून घेतलं. सकाळी आठची वेळ, गाडी रात्रभर त्यांच्याच दारात उभी होती. मिस्त्रींनी पंपाच्या मागच्या डोक्यावरचा मधला बोल्ट काढला, डायल गेज बसवलं, क्रँक फिरवून पिस्टन टॉपला, म्हणजे सगळ्यात वर, आणला. पंपातल्या प्लंजरची (डिझेल ढकलणाऱ्या दांड्याची) उचल दाखवणारा काटा ०.९० मिमीवर. "पुस्तकातला आकडा बरोब्बर," म्हणाले. मी शेजारी उभा राहून बघितलंय.

तेव्हापासून गाडीचा आवाज एकदम मऊ झाला. आधी बरं वाटलं. पण डिसेंबरात साखरप्याहून आंबा घाट चढताना गाडी तिसऱ्या गिअरला मरायला लागली, आरशात राखाडी धूर, आणि अर्धं जळलेल्या डिझेलचा वास थेट आत. याच गाडीनं हा घाट पूर्वी तिसऱ्यात आरामात काढलाय.

मग उद्यमनगरातून गेज आणलं, त्याचा अडॅप्टर लेथवर करून घेतला आणि घरी बघितलं. सकाळी गार इंजिनावर ०.९१. किणी टोल नाक्यापर्यंत जाऊन आलो, बॉनेट उघडून लगेच मोजलं तर ०.७४. तीन वेळा केलं, तीनही वेळा तेच. मिस्त्री म्हणतात, "लोखंड तापलं की फुगतं, फरक यायचाच." तर मग टायमिंग बसवायचं कुठल्या आकड्यावर?

शिरोलीकर | रात्री ९:३१

भावा, गरम इंजिनावरच बघायचं असतंय. गाडी चालती कशावर, गरम इंजिनावर. मग गारावर मोजून काय उपयोग? विषय संपला.

गुऱ्हाळकर | रात्री ९:५८

शिरोलीकर, एवढ्या लवकर संपवू नका. आमच्या विहिरीवर सात एचपीचं एक सिलिंडरचं, पाण्यानं गार होणारं इंजिन आहे. १५०० आरपीएम, टायमिंग टॉपच्या आधी २३ अंश. आमचे आबा टायमिंग बघायचे ते कायम गारावर, आणि मीही तसंच बघतो. पंपाची डिलिव्हरी व्हॉल्व्ह (डिझेल बाहेर सोडणारी झडप) आणि तिची स्प्रिंग काढायची, वर वाकडी नळी लावायची, रॅक (डिझेल कमीजास्त करणारी दांडी) पूर्ण उघडा धरायचा आणि फ्लायव्हील हातानं हळूहळू फिरवायचं. नळीतून डिझेलची धार येते. धार तुटून थेंब सुरू झाला की थांबायचं. तिथं प्लंजरनं भोक बंद केलं. फ्लायव्हीलवरच्या टॉपच्या खुणेपासून तिथपर्यंतचं अंतर मोजायचं.

दुपारी इंजिन तापल्यावरही करून बघितलंय. खूण तिथल्या तिथंच. त्यामुळं गरम-गार हा फरक मला तरी पटत नाही.

मिसळप्रेमी | रात्री १०:०४

किणीपर्यंत जाऊन मिसळ न खाता परत आलात? गेजपेक्षा तेच जास्त खटकलं मला.

मोजपट्टी | रात्री १०:४०

तंत्रनिकेतनात शिकवतो, म्हणून आकडेमोडीची सवय. 'लोखंड फुगतं' हे कारण आधी तपासून घेऊ.

पोलाद एक मीटर लांबीला, एक अंश तापमानवाढीला, साधारण १२ मायक्रॉन वाढतं. तुमच्या गेजवर दिसतं ते एकाच पंपातल्या प्लंजरच्या दोन जागांमधलं अंतर, म्हणजे उचल. ती आहे जेमतेम एक मिलिमीटर. इंजिन ६० अंशांनी जास्त गरम धरलं, तरी एक मिलिमीटर पोलाद ०.७ मायक्रॉननं वाढेल. तुमच्या गेजचा एक घर म्हणजे १० मायक्रॉन. म्हणजे हा फरक काट्याला दिसणारही नाही. तुम्हाला दिसतोय ०.१७ मिमी, म्हणजे १७ घरं. कारण दुसरंच आहे.

मात्र एक जागा आहे जिथं प्रसरण खरंच फसवतं. शून्य कधी लावलंत आणि वाचलंत कधी, यात वेळ गेला असेल तर. अडॅप्टर साठेक मिमी लांब असेल. गरम पंपावर शून्य लावलं, मधे फोन आला, तेवढ्यात अडॅप्टर आणि गेजची दांडी ३० अंश निवली, तर ६० मिमी पोलाद ०.०२ मिमीनं आकसतं. दोन घरं गेली. म्हणून गरम इंजिनावर मोजायचं तर शून्य लावणं आणि वाचणं एका दमात, आणि नंतर काटा परत शून्यावर येतो का तेही बघायचं.

पंचगंगाकाठ | रात्री १०:५५

सर, खरं सांगतो, एकदा मी शून्य लावून चहा प्यायला आत गेलो होतो. तेव्हा ०.७६ आलं होतं. ते मी धरलंच नव्हतं. पण बाकी तीन वेळा सलग केलंय.

उद्यमनगरी | १३ जानेवारी, सकाळी ७:१५

बत्तीस वर्षं पंपाचं काम करतोय. एकच विचारतो. पंपाच्या कडेला, इंजिनाच्या बाजूनं, बोटाएवढ्या जाडीचे दोन रबरी पाईप येतात का? कूलंटचे? बघून सांगा. उत्तर तिथंच आहे असं मला वाटतंय.

आणि गुऱ्हाळकर, तुमचा अनुभव शंभर टक्के बरोबर आहे, पण तुमचा पंप वेगळा. तुमच्या पंपात टायमिंग बदलायला खालच्या शिमशिवाय (पातळ पत्र्याच्या पट्टीशिवाय) दुसरं काही नाही. शिम वाढवली की लेट, म्हणजे इंजेक्शन उशिरा; काढली की ॲडव्हान्स, म्हणजे लवकर. गरम झालं म्हणून शिम जाड-पातळ होत नाही. रोटरी पंपाच्या पोटात टायमिंग हलवणारा एक पिस्टन असतो, तो चालू इंजिनात सतत मागंपुढं होत असतो.

शिरोलीकर | सकाळी ८:०२

पण काका, मी आमच्या ट्रॅक्टरवर टायमिंग लाईट लावून बघितलंय. रोटरी पंपच आहे. गार असताना आणि गरम झाल्यावर तीन अंशांचा फरक दाखवत होती. तिथं कुठलाच पाईप नाही कूलंटचा. मग?

पंपलॅब_ताई | सकाळी १०:२०

शिरोलीकर दादा, लाईट म्हणजे इंजेक्टरच्या पाईपवर चिमटा लावतात तीच ना? तो चिमटा पाईप फुगल्याची खबर देतो. प्रत्येक इंजेक्शनला दाबानं पाईप केसभर फुगतो, तेवढं तो पकडतो. पाईपवर गंज किंवा रंग असेल तर तीही खबर चुकते. मी आधी सँडपेपरनं घासून पाईप चकचकीत करते, मगच लावते.

आता गार-गरमचं. लॅबमध्ये पंप बेंचवर बसवतो तेव्हा टेस्ट ऑइलचं तापमान ४० अंशांच्या आसपास ठेवूनच वाचायचं असतं. बेंचला हीटर असतो तो त्यासाठीच. सकाळी लॅब उघडल्या उघडल्या, ऑइल २० अंशांवर असताना पंप वाचला, तर दुपारी तोच पंप वेगळा वाचतो. कारण डिझेल असो की टेस्ट ऑइल, गार असलं की जाड आणि गरम झालं की पातळ. आपल्याकडच्या डिझेलची हद्दच बघा, ४० अंशांना २ ते ४.५ सेंटिस्टोक (जाडपणाचं माप). म्हणजे दोन पंपांवरचं डिझेलही सारखं जाड असेलच असं नाही.

रोटरी पंपाच्या आत एक छोटा पात्यांचा पंप असतो, तो पोटात दाब तयार करतो. वेग वाढला की दाब वाढतो, आणि त्या दाबानं उद्यमनगरी काकांनी सांगितलेला पिस्टन सरकतो. डिझेल जाड असेल तर गळती कमी, दाब थोडा जास्त, टायमिंग थोडं पुढं, म्हणजे लवकर. पातळ झालं की गळती वाढते, दाब उतरतो, टायमिंग मागं. झिजलेल्या पंपात हा फरक मोठा दिसतो. तुमचा तीन अंशांचा फरक बघून मला तरी वाटतं, पंपाचं पोट एकदा उघडून बघायला झालंय.

शिरोलीकर | सकाळी १०:३४

ताई, एवढं फोड करून आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टर चौदा वर्षांचा आहे, पंप एकदाही उघडलेला नाही. ऊस गेला की आणतो तुमच्याकडं.

मोजपट्टी | दुपारी १:१०

ताईंचं बरोबर आहे. मला आधी वाटत होतं की पाईपमधून दाबाची लाट जायला लागणारा वेळ तापमानानं बदलतो, फरक त्यातनं येत असेल. मोजून बघितलं. डिझेलमध्ये लाट सेकंदाला साधारण तेराशे-साडेतेराशे मीटर जाते, गरम डिझेलमध्ये जरा हळू. ६० सेंटिमीटर पाईपला अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा कमी वेळ. १५०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ९ अंश फिरते, म्हणजे पाईपमध्येच चारेक अंश जातात. पण गार आणि गरम यांतला फरक काढला तर अर्ध्या अंशाच्या आत येतो. तीन अंश तिथून येणार नाहीत.

आणखी एक. शिरोलीकर, गार इंजिनावर आणि गरम इंजिनावर आरपीएम सारखं होतं का? लाईटचं रीडिंग वेगावर फिरतं. गार असताना आयडलिंग ७५० आणि गरम झाल्यावर ८५० असेल, तर तुम्ही तापमानाची नव्हे, वेगाची तुलना केलीत.

शिरोलीकर | दुपारी १:२५

आरपीएम बघितलंच नव्हतं, सर. परत करतो.

जुनी_ऑक्टेव्हिया | दुपारी ३:४५

माझ्याकडं १.९ टीडीआय आहे, रोटरीच पंप पण कॉम्प्युटरवर चालणारा. तिथं हा प्रश्न त्यांनी फार छान सोडवलाय. तिसऱ्या इंजेक्टरमध्ये सुई उचलली की सांगणारा सेन्सर असतो, म्हणजे इंजेक्शन कधी सुरू झालं हे गाडी स्वतः मोजते. लॅपटॉप जोडून टायमिंग बघायचं तर आधी कूलंट ८० अंशांच्या वर न्यावं लागतं. मग पडद्यावर एक आलेख येतो. आडव्या रेघेवर डिझेलचं तापमान, उभ्या रेघेवर टायमिंग, मधे तिरके पट्टे. तोच आकडा डिझेल २० अंशांवर असताना पट्ट्यात बसतो आणि ६० अंशांवर असताना बाहेर जातो.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा अर्धा तास मी बघतच बसलो होतो. नुसता टायमिंगचा आकडा कुणी विचारतच नाही तिथं. सोबत तापमान लागतंच.

हायवे४८ | सायंकाळी ६:३०

माझे दोन पिकअप आहेत, कॉमन रेलचे. आमच्यात गेज नाही, लाईट नाही, सगळं ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. पण तापमानानं आम्हालाही सोडलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात एक गाडी भर दुपारी गरम असताना पण गार इंजिनासारखी खडखड करायची आणि आयडलिंग वर. दोन ठिकाणी दाखवली. एका ठिकाणी चारही इंजेक्टर काढायला सांगितले, मोठा खर्च. शेवटी कागलच्या एका पोरानं स्कॅनरवर कूलंटचं तापमान बघितलं. गाडी तापलेली आणि पडद्यावर उणे चाळीस. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली होती. ईसीयूला वाटायचं आपण हिमालयात आहोत, त्यामुळं इंजेक्शन पुढं घ्यायचा. वायर जोडली, आवाज गेला. इंजेक्टर अजून तेच आहेत.

मिसळप्रेमी | सायंकाळी ६:४१

उंदीर कागलचा का कोल्हापूरचा?

हायवे४८ | सायंकाळी ६:४४

शाहूपुरीतला. गोडाऊनला गाडी उभी असायची.

पंचगंगाकाठ | रात्री ८:५०

उद्यमनगरी काका, आहेत! दोन पाईप आहेत. पंपाच्या बाजूला एका डबीत जातात. डबीतून एक दांडी बाहेर आलीय, ती एका लिव्हरला टेकते. सकाळी गार असताना दांडी आणि लिव्हर यांच्यात चांगली फट आहे. गाडी तापल्यावर दांडीनं लिव्हर ढकललेला दिसला. फोटो काढलेत, पण इथं चढेनात.

उद्यमनगरी | रात्री ९:२०

फोटोची गरज नाही, हजार वेळा बघितलंय.

त्या डबीत मेण असतं. गार असताना मेण आकसलेलं, दांडी आत, स्प्रिंग लिव्हरला ओढून धरते आणि पंपाचं टायमिंग ॲडव्हान्स होतं. कूलंट तापलं की मेण वितळून फुगतं, दांडी बाहेर येते, लिव्हरला मागं ढकलते आणि टायमिंग मूळ जागी येतं. गार स्टार्टसाठीची सोय आहे ती.

तुमच्या बाबतीत काय झालं बघा. मिस्त्रींनी टायमिंग लावलं सकाळी आठला, गार इंजिनावर, म्हणजे ॲडव्हान्स लागलेलं असताना. तेव्हा ०.९० दाखवलं. गाडी तापली की ते ॲडव्हान्स सुटतं आणि तुमचं टायमिंग पुस्तकापेक्षा खाली जातं. म्हणजे चालताना गाडी कायम लेट. आवाज मऊ, धूर राखाडी, घाटात दम नाही, सगळं त्यामुळंच.

करायचं असं. लिव्हर आणि दांडीच्या मधे पट्टी घालायची, नऊ-दहा मिमीची, नेमकी जाडी गाडीच्या पुस्तकात असते. म्हणजे लिव्हर गरम असल्याच्या जागेवर बसतो. मग इंजिन गार असो, गरम असो, गेज सारखंच दाखवलं पाहिजे. आणि क्रँक शेवटी सरळ दिशेनंच टॉपला आणायची. पुढं गेलात तर पाव चक्कर मागं या आणि परत सावकाश पुढं, नाहीतर बेल्टचा ढिलेपणा रीडिंगमध्ये येतो.

गुऱ्हाळकर | रात्री ९:४५

काका, ॲडव्हान्स गार इंजिनालाच का लागतं? आमच्या इंजिनाला तर उन्हाळा-हिवाळा तेच २३.

मोजपट्टी | रात्री १०:३०

याचं उत्तर मी देतो, माझ्या फार आवडीचं आहे.

डिझेलला ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं, पण फवारल्या क्षणी पेटत नाही. थेंब तुटायचे, त्यांची वाफ व्हायची, वाफ हवेत मिसळायची, मग ज्वाला. यात जो वेळ जातो त्याला प्रज्वलन विलंब म्हणतात. गरम इंजिनात तो साधारण एक मिलिसेकंदाच्या आसपास. तुमच्या १५०० आरपीएमला म्हणजे ९ अंश. गार इंजिनात सिलिंडरच्या भिंती उष्णता ओढून घेतात, दाबाखाली हवा तेवढी तापत नाही, विलंब वाढतो. म्हणजे इंजेक्शन त्याच वेळी झालं तरी पेटणं उशिरा. म्हणून गाराला इंजेक्शन आधी हवं. सकाळी सुटल्यावर गाड्या पांढरा धूर टाकतात तो न पेटलेल्या डिझेलचा असतो.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. काही ठिकाणी हीटर प्लगच्या भोकात प्रकाश ओळखणारा प्रोब लावून टायमिंग बघतात. तो प्रोब जाळ दिसला की सांगतो. आता समजा गार इंजिनावर तुम्ही पाईपवरची लाईट आणि हा प्रोब, दोन्ही लावले. लाईट सांगेल इंजेक्शन थोडं आधी झालंय, प्रोब सांगेल जाळ उशिरा लागला. दोघंही खरं बोलत असतात, कारण एक फवारा मोजतोय आणि दुसरा जाळ. इंजिन तापत गेलं की प्रोबचा आकडा लवकर-लवकर सरकत जातो आणि लाईटचा थोडा मागं जातो. विद्यार्थ्यांना हे दाखवतो तेव्हा वर्ग एकदम शांत होतो.

गुऱ्हाळकर, तुमच्या इंजिनाचं म्हणाल तर ते दिवसभर एका वेगानं, एका भारावर चालतं. सुटताना दोन मिनिटं खडखड झाली तरी चालतं. आणि आपला हिवाळा म्हणजे पहाटे १४-१५ अंश. लडाखात ते इंजिन सुरू करायला गेलात तर २३ अंशांवर भागणार नाही.

गुऱ्हाळकर | रात्री १०:४८

डोक्यात उजेड पडला. आबा थंडीत इंजिन सुरू करायच्या आधी गरम पाण्याची कळशी हेडवर ओतायचे. मला वाटायचं नुसती रीत आहे.

पंपलॅब_ताई | १४ जानेवारी, सकाळी ९:१०

पंचगंगाकाठ, पट्टी घालून मोजायच्या आधी एक विचारते. किणीवरून आलात तेव्हा कूलंट नक्की किती तापलं होतं? डॅशबोर्डवरचा काटा नको, मोजलेला आकडा हवा. आपल्याकडं 'गाडी तापते' म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) काढून टाकायची फार वाईट सवय आहे. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी जुन्या गाड्यांत तो नसतोच. मग थंडीत हायवेला इंजिन पुरतं तापतच नाही, मेण अर्धंच फुगतं आणि टायमिंग ना गारचं ना गरमचं असं मधे लटकतं.

पंचगंगाकाठ | १५ जानेवारी, रात्री १०:०५

ताई, तुम्ही हे घरात बसून कसं ओळखलंत?

काल तापमान बघायची इन्फ्रारेडची बंदूक आणली. आधी हेडच्या तोंडाच्या ॲल्युमिनियमवर धरली तर ३८ दाखवलं आणि हात लावला तर भाजलं. मग कळलं की चकचकीत धातूवर ती फसते. तिथं काळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि त्यावर धरली. ६२. किणीहून परत आल्या आल्या ६२! आज सकाळी हाउसिंग उघडलं, थर्मोस्टॅट नाहीच. कधी आणि कुणी काढला, देव जाणे. वडील आठवून आठवून थकले.

नवा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट टाकला. दुपारी परत किणी (आणि हो, मिसळ खाल्ली). आल्यावर टेपवर ८३. गेज लावलं, ०.६६. म्हणजे आधीचं ०.७४ हेसुद्धा गरमचं खरं रीडिंग नव्हतं.

उद्या पहाटे गारावर पट्टी घालून मोजतो.

उद्यमनगरी | रात्री १०:२०

पट्टीवर ०.६६-०.६७ आलं तर समजा सगळं जुळलं. पंपाचे नट ढिले करायच्या आधी इंजेक्टर पाईपचे नटही सैल करा, नाहीतर पाईपवर ताण येऊन ते चिरतात. पंपाचं अंग शाफ्ट फिरतो त्याच्या उलट दिशेला फिरवलं की ॲडव्हान्स. एका वेळी केसभरच. शून्य मात्र प्रत्येक वेळी नव्यानं लावायचं.

हायवे४८ | रात्री १०:२६

वा ताई! आमच्या त्या सेन्सरच्या वेळी तुम्ही का भेटला नाहीत.

पंचगंगाकाठ | १७ जानेवारी, रात्री ९:४०

झालं मंडळी!

काल पहाटे साडेपाचला, अंगणात १५ अंश, इंजिन पूर्ण गार. पट्टी घातली, मोजलं, ०.६७. गरमचं होतं ०.६६. एका घराचा फरक. मोजपट्टी सर, तुमच्या ०.७ मायक्रॉनची आठवण झाली. पट्टी काढली आणि परत मोजलं तर ०.९१. म्हणजे सगळा खेळ त्या मेणाच्या डबीचा होता.

मग पट्टी ठेवूनच पंप फिरवला. पाच वेळा नट आवळले आणि पाच वेळा ढिले केले. आवळताना पंप थोडा सरकतो आणि काटा दोन घरं हलतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. सहाव्या वेळी आवळलेल्या अवस्थेत ०.९०. हाताला पाईपच्या नटाचे वळ उठलेत.

आज आंबा घाट. मुद्दाम साखरप्याला उतरलो आणि लगेच वर वळलो. तिसरा गिअर, चौघं जण गाडीत, आरसा स्वच्छ. वडील शेजारी बसले होते. घाट संपेपर्यंत काही बोलले नाहीत, वर आल्यावर म्हणाले, "ही आपली गाडी."

सकाळी सुटल्यावर पहिली चार-पाच मिनिटं आवाज पूर्वीपेक्षा कडक येतो, मग मऊ होतो. हे बरोबर ना?

उद्यमनगरी | रात्री ९:५२

एकदम बरोबर. गारात ॲडव्हान्स लागलंय, तापलं की सुटतंय. आता डबी तिचं काम करतेय. वडिलांना नमस्कार सांगा.

शिरोलीकर | रात्री १०:१५

मीही केलं, सर. दोन्ही वेळा आरपीएम १००० धरलं. तीनचा दीड अंश राहिला. म्हणजे अर्धी चूक माझी, अर्धी पंपाची. ताई, ऊस गेला की येतोच.

आणि गरम इंजिनावरच बघायचं असं मी ठणकावून सांगितलं होतं, ते मागं घेतो. ह्यांचं गरम ६२ निघालं.

गुऱ्हाळकर | १९ जानेवारी, दुपारी १२:३०

तुमचं वाचून मीही फ्लायव्हीलवर दोरी फिरवली. घेर १६२० मिमी, म्हणजे एका अंशाला साडेचार मिमी. २३ अंशांना १०३.५ हवेत. धार तुटली तिथं मोजलं, ९९. म्हणजे बरोबर २२ अंश, एक अंश लेट. एक पातळ शिम काढली, आता १०४.

नवा_भिडू | रात्री ८:०५

धागा आज वाचला. माझ्या जुन्या व्हॅनला मेणाची डबी नाही, पण डॅशबोर्डवर ओढायची एक दांडी आहे, केबल थेट पंपाला जाते. मला तो चोक वाटायचा. टायमिंग बघताना तिचं काय करायचं?

पंपलॅब_ताई | रात्री ८:३०

तीच सोय, फक्त हातानं चालवायची. मोजताना दांडी पूर्ण आत ढकला, आणि आत ढकलूनही पंपावरचा लिव्हर खरंच मागं गेलाय का ते बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा. जुन्या केबल निम्म्यात अडकतात. अडकली असेल तर आधी केबलला तेल द्या, मग गेज लावा.